४५०० कॅरेटचा लॉट: चुकीच्या आर्ग्युमेंटसाठी कोणते एक्सेप्शन थ्रो करावे

नागपुरातल्या कळमन्याच्या संत्रा मार्केटमध्ये आंबिया बहाराची आवक जोरात असली की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या गाड्या पहाटेच लागतात. लिलाव होतो, माल तोलला जातो, आणि हातात पट्टी पडली की शेतकरी गाडी काढतो. पट्टी म्हणजे त्या लॉटचा हिशोब: स्थूल वजन, कॅरेटची (फळांच्या पेटीची) घट, निव्वळ वजन, टनाचा भाव, रक्कम. पट्टी अडली की गाडी अडते आणि तिच्या मागच्या गाड्याही. हे प्रकरण अशाच एका अडत दुकानाच्या पट्टी-प्रणालीचे आहे. दुकान, क्रमांक आणि वजने नमुन्याची धरली आहेत. जावा, डॉट नेट आणि पायथन यांचे वागणे मात्र आहे तसेच दिले आहे. मेथड म्हणजे प्रोग्राममधला एक काम करणारा तुकडा, तिला दिलेले मूल्य म्हणजे आर्ग्युमेंट. काम पुढे नेता येत नाही म्हणून मेथड जी हाक देते ते एक्सेप्शन; ती हाक देणे म्हणजे थ्रो करणे, आणि दुसऱ्या कोडाने ती पकडणे म्हणजे झेलणे किंवा कॅच.

प्रणालीचे तीन भाग. काट्यापाशी मुनीम फोनवर चार गोष्टी भरतो: स्थूल वजन, कॅरेट संख्या, प्रत (मालाचा दर्जा) आणि भाव. जावा १७ आणि स्प्रिंग या जावाच्या चौकटीवर चालणारा सर्व्हर ती नोंद साठवतो आणि रांगेत टाकतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला वर्कर असतो; तो एकेक लॉट उचलतो, पट्टी क्रमांक घेतो, हिशोब करतो आणि छापायला पाठवतो. पट्ट्या क्रमानेच निघाव्यात म्हणून दुकानाला एकच रांग आणि एका वेळी एकच लॉट. काही बिघडले तर वर्कर ३० सेकंद थांबून तोच लॉट पुन्हा घेतो. सगळे रामायण या शेवटच्या वाक्यातून घडले.

सकाळी ६:४० ते ८:४०

लॉट ४५ कॅरेटचा होता. स्थूल वजन ९९० किलो. रिकामे कॅरेट १.८ किलोचे धरलेले, म्हणजे घट ८१ आणि निव्वळ ९०९ किलो. टनाला २८,००० रुपये भावाने पट्टी व्हायला हवी होती २५,४५२ रुपयांची. मुनीमाचा अंगठा ‘००’ या कळीवर पडला आणि नोंद गेली ४५०० कॅरेटची. फोनवर ‘नोंद झाली’ असे उमटले, कारण सर्व्हरने तोवर काही तपासलेच नव्हते.

वर्करने इमानदारीत हिशोब केला. घट ८,१०० किलो, निव्वळ उणे ७,११० किलो, रक्कम उणे १,९९,०८० रुपये. वाटेतल्या एकाही मेथडने हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती अगदी तळाच्या ‘रक्कम’ या क्लासने. शून्याखालचा आकडा दिसताच त्याच्या कन्स्ट्रक्टरने (त्या क्लासची वस्तू घडवणाऱ्या कोडाने) इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन थ्रो केले. सोबत मजकूर दोनच शब्दांचा: ‘अवैध रक्कम’.

इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन हे रनटाइमएक्सेप्शनच्या घराण्यातले, आणि वर्करच्या लेखी प्रत्येक रनटाइमएक्सेप्शन म्हणजे तात्पुरता बिघाड. डेटाबेस क्षणभर गेला असेल, प्रिंटर अडला असेल, थोड्या वेळाने होईल. म्हणून ३० सेकंदांनी पुन्हा तोच लॉट, तेच ४५०० कॅरेट, तेच उत्तर. दोन तासांत २४० वेळा. मागे ६३ लॉट तुंबले. दुकानातून सपोर्टला आलेला फोन एका वाक्याचा होता: “भाऊ, पट्टी काऊन निघून नाही राहिली? किसान लोक गाडीपाशी उभे आहेत.”

लॉगमध्ये ‘अवैध रक्कम’ २४० वेळा छापलेले. कोणत्या लॉटची, किती, कोणत्या आकड्यांवरून आली, यातले काहीच नाही. रांगेच्या तोंडाशी कोणता लॉट आहे ते डेटाबेसमध्ये शोधून तो हाताने बाजूला काढला तेव्हा ८:४० झाले होते. रांग वाहू लागली, आणि पुढची पट्टी निघाली १२८३ क्रमांकाची. तिच्या आधीची होती १०४२. मधल्या २४० पट्ट्या कुठे गेल्या, हा प्रश्न दुकानाच्या हिशोबनिसाने संध्याकाळी विचारला आणि तो रास्तच होता. वहीत क्रमांक तुटले की संशय येतोच. कारण साधे आहे: वर्कर आधी क्रमांक घेत होता आणि मग हिशोब करत होता. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सिक्वेन्स (क्रमांक देणारा मोजक) एकदा पुढे सरकला की व्यवहार रद्द झाला तरी मागे येत नाही. आर्ग्युमेंटची तपासणी मेथडच्या पहिल्या ओळींत, काहीही बदलण्याआधी व्हावी, असे जे सांगतात ते यासाठी. त्याला शिस्तीचा सोस समजू नये.

घाईचा उपाय आणि हरवलेले १७ लॉट

त्याच दुपारी वर्करमध्ये चार ओळी वाढल्या. इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन आले तर माहिती चुकीची समजायची, लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि लॉट सोडून पुढे जायचे. तर्क वरवर बरोबर वाटतो. नावच ‘अवैध आर्ग्युमेंट’ आहे, म्हणजे देणाऱ्याने चुकीचे दिले, आपण काय करणार?

चार दिवसांनी फोनच्या ॲपमध्ये ‘डागी’ ही नवी प्रत आली. सर्व्हरवरच्या प्रतीच्या एनममध्ये (ठरलेल्या नावांच्या यादीत) ती घालायची राहून गेली. एनमच्या व्हॅल्यूऑफ मेथडला न ओळखीचे नाव दिले की ती इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शनच थ्रो करते. वर्करने ते झेलले, चुकीची माहिती समजले आणि लॉट सोडला. असे १७ लॉट गेले. या खेपेला रांग अडली नाही, फोनही आला नाही. संध्याकाळी काट्याची बेरीज आणि पट्ट्यांची बेरीज जुळेना तेव्हा कळले. पहिल्या दिवशीचा बिघाड निदान बोंब मारत होता, दुसरा गुपचूप माल खात होता. या दोघांत जास्त धोक्याचा कोणता, हे सांगायला नको.

मुनीमाने त्या १७ लॉटमध्ये काहीही चुकीचे भरले नव्हते. चूक प्रोग्रामरची होती. तरी एक्सेप्शन तेच, कारण इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन एवढेच म्हणते की ‘मला बोलावणाऱ्या कोडने मला न चालणारे काही दिले’. ते कोड मुनीमाचे आकडे पुढे ढकलत होते की स्वतःच गोंधळले होते, हे त्या एक्सेप्शनला ठाऊक नसते. जावाच्या लायब्ररीतही ते शेकडो ठिकाणांहून येते. अ‍ॅरेलिस्टला उणे क्षमता द्या, थ्रेडच्या स्लीपला उणे वेळ द्या, यूयूआयडीच्या फ्रॉमस्ट्रिंगला भलताच मजकूर द्या, सगळीकडे हेच.

झेलणारा कोण, आणि तो वेगळे काय करणार?

यानंतर टीममध्ये दोन तट पडले. एक म्हणत होता की प्रत्येक चुकीला स्वतःचा क्लास हवा: अवैधकॅरेट, अवैधवजन, अवैधभाव, अवैधप्रत. यादी १४ वर गेली. दुसरा म्हणत होता की इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन सगळीकडे पुरते, मजकूर नीट लिहा म्हणजे झाले. वाद मिटला तो एका प्रश्नाने: या १४ पैकी कोणते एक्सेप्शन कोणत्या ओळीत वेगळे झेलले जाणार आहे, आणि तिथे काय वेगळे घडणार आहे?

१३ ना उत्तर नव्हते. अवैधकॅरेट आणि अवैधवजन यांच्या बाबतीत वर्कर तेच करणार असेल, तर त्यांची दोन नावे फक्त लॉग वाचणाऱ्या माणसाच्या कामाची. माणसासाठी मजकूर असतो. एक्सेप्शनचा प्रकार वाचते ते कॅच, म्हणजे प्रोग्राम. प्रोग्रामने वागणे बदलावे असे काही असेल तरच नवा प्रकार करावा. १४ पैकी एक उरले, ‘लॉटनाकारला’. ते आले की वर्कर लॉट बाजूच्या पेटीत ठेवतो, दुकानाला कळवतो आणि पुढचा लॉट घेतो. बाकी १३ पुसले.

मग वर्करचे वागणे तीन तऱ्हांचे ठरले. वेळ गेल्याने जे बदलू शकते, म्हणजे डेटाबेसची जोडणी, नेटवर्क, प्रिंटर, त्यासाठीच पुन्हा प्रयत्न, तेही पाच वेळा. लॉटनाकारला आले तर वर सांगितल्याप्रमाणे. इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन, नलपॉइंटरएक्सेप्शन (मूल्यच नाही), इलिगलस्टेटएक्सेप्शन (स्थितीच चुकीची) यांपैकी काही वर्करपर्यंत पोचले तर तो आपल्याच कोडातला दोष. एकदाही पुन्हा प्रयत्न नाही, लॉट बाजूला आणि प्रोग्रामरच्या फोनवर घंटा. तेच आर्ग्युमेंट तिसऱ्यांदा दिल्याने ते वैध होत नाही. पट्टी क्रमांक आता हिशोब पूर्ण झाल्यावर घेतला जातो, त्यामुळे लॉट बाजूला काढला तरी क्रम तुटत नाही.

वेबकडच्या बाजूलाही हाच घोळ होता, उलट्या अंगाने. तिथल्या सामाईक हँडलरने (एक्सेप्शन झेलून फोनला उत्तर देणाऱ्या कोडाने) प्रत्येक इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शनचे एचटीटीपी ४००, म्हणजे ‘विनंतीच चुकीची’, करून ठेवले होते. सर्व्हरच्या आतल्या चुकीसाठीही फोनवर ‘माहिती चुकीची आहे’ असे दिसे आणि मुनीम बिचारा तेच आकडे पुन्हा भरत बसे. आता हँडलरमध्ये इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शनची ओळच नाही. ते आले तर ५००, म्हणजे ‘चूक सर्व्हरची’, जातो, आणि ते खरे असते. ४०० फक्त वाचताच न आलेल्या मजकुराला. वाचता आला पण नियमात बसला नाही तर ४२२. या दोहोंत कोणता निवडावा यावर लोक तासन्‌तास भांडतात. एक ठरवून सगळीकडे तोच ठेवला की पुरे.

सीमेवर एक्सेप्शन नकोच

मुनीमाचे चुकणे ही रोजची गोष्ट आहे. दिवसाला शेकडो नोंदी होतात, त्यात काही चुकणारच. जे रोज घडते त्यासाठी एक्सेप्शन हे अवजड हत्यार आहे, आणि त्याची एक खोड आहे: ते पहिल्या चुकीवर थांबते. वजन चुकले म्हणून परत, मग कॅरेट चुकले म्हणून परत, मग भाव. म्हणून सर्व्हरच्या दारातच एक तपासनीस बसवला. तो कच्चा मजकूर घेतो आणि दोहोंपैकी एक परत देतो: तपासलेला लॉट, किंवा सगळ्या चुकांची यादी. प्रत्येक चुकीत तीन गोष्टी असतात: कोणता रकाना, काय आले, काय चालले असते. फोनवर ती चूक त्या रकान्याखालीच मराठीत दिसते. आत गेल्यावर जो लॉट फिरतो तो तपासलेलाच. त्याउपर आत एखादे मूल्य चुकीचे निघाले तर तो मुनीमाचा दोष राहत नाही, आणि तिथे इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन अगदी योग्य ठरते.

या तपासनिसाचे काम करताना मराठी अंकांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. काही मुनीम फोनचा कळफलक मराठीत ठेवतात, त्यामुळे आकडे देवनागरीत येतात. कॅरेट संख्या इंटिजरच्या पार्सइंटने वाचली जात होती. ती मेथड कॅरेक्टरच्या डिजिटकडून अंक समजून घेते, त्यामुळे देवनागरीतले ‘४५’ तिला बिनबोभाट कळते. वजन मात्र डबल या दशांश आकड्यांच्या प्रकाराच्या पार्सडबलने वाचले जात होते. तिला इंग्रजी अंकच कळतात, देवनागरी ‘९९०.५’ दिसले की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. एकाच फॉर्ममध्ये एकाच कळफलकावरून एक रकाना चाले आणि दुसरा रुसे. वर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन हे इलिगलआर्ग्युमेंटएक्सेप्शनचेच पोर, म्हणून ते त्याच हँडलरमध्ये जाऊन ‘माहिती चुकीची आहे’ एवढेच म्हणे.

वजन आणि पैसे बिगडेसिमल या दशांश आकडे अचूक ठेवणाऱ्या प्रकारावर नेले, जे तसेही करायलाच हवे होते. बिगडेसिमलचा कन्स्ट्रक्टर देवनागरी अंक वाचतो. पण तो एक वेगळा नखरा करतो. पार्सडबल मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा स्वतःच काढून टाकायची. बिगडेसिमलला जागा दिसली की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. बदलानंतर पहिल्याच दिवशी ‘९९० ’ अशा नोंदी परत येऊ लागल्या. वाचण्याआधी स्ट्रिप (टोकांच्या मोकळ्या जागा काढणारी मेथड) लावले आणि प्रश्न मिटला. उलट पार्सडबल ‘९९०’ इंग्रजी अंकांत लिहून मागे डी किंवा एफ हे इंग्रजी अक्षर लावले तरी मुकाट्याने घेते, हे फार थोड्यांना माहीत असते.

रिकाम्या रकान्याची तऱ्हा आणखी न्यारी. मूल्यच आले नाही, म्हणजे नल आले, तर पार्सइंट नंबरफॉरमॅटएक्सेप्शन देते, पार्सडबल नलपॉइंटरएक्सेप्शन देते आणि बिगडेसिमलही नलपॉइंटरच. तारीख चुकली तर लोकलडेटच्या पार्सकडून डेटटाइमपार्सएक्सेप्शन येते, आणि ते इलिगलआर्ग्युमेंटच्या घराण्यातलेच नाही. जुन्या हँडलरमधून ते सटकून थेट ५०० होई. म्हणून लायब्ररीचे एक्सेप्शन ती मेथड बोलावणाऱ्या ओळीपाशीच झेलायचे आणि आपल्या यादीतली एक चूक करायची, हा नियम. वरच्या कुठल्या तरी मजल्यावर घराण्याच्या नावाने झेलायचे नाही.

आतले नियम, जसे ठरले तसे

नल आर्ग्युमेंटला काय थ्रो करावे? इलिगलआर्ग्युमेंट की नलपॉइंटर? जावाची स्वतःची रीत नलपॉइंटरची आहे आणि जावा ७ पासून ऑब्जेक्ट्सच्या रिक्वायरनॉननलने ती एका ओळीत पाळता येते. काहींना हे खटकते. नलपॉइंटर म्हणजे बोलावलेल्या मेथडचा स्वतःचा दोष, असे त्यांना वाटते. स्टॅक ट्रेसच्या (कोणी कोणाला बोलावले त्या यादीच्या) माथ्यावर रिक्वायरनॉननल दिसले की तो गैरसमज राहत नाही. टीमने लायब्ररीची रीत धरली. सगळीकडे एकच असणे इथे नावापेक्षा मोलाचे. रिक्वायरनॉननलला रकान्याचे नाव मात्र द्यायचेच. जावा १५ पासून नलपॉइंटरच्या मजकुरात कोणता व्हेरिएबल नल होता ते आपोआप येते, पण ते व्हर्च्युअल मशीनने स्वतः थ्रो केलेल्या एक्सेप्शनपुरते. आपण हाताने थ्रो केलेल्याला ती सवलत नाही.

मूल्य चुकीचे असेल तर इलिगलआर्ग्युमेंट. पट्टीतली कितवी ओळ हवी ते चुकले तर इंडेक्सआउटऑफबाउंड्स, जावा ९ पासून ऑब्जेक्ट्सच्या चेकइंडेक्सने.

स्थितीचा प्रश्न जरा विचार करायला लावतो. दिवसाचा हिशोब बंद झाल्यावर कोणी त्यात लॉट घालू पाहिला. लॉट चांगला आहे, मग एक्सेप्शन कोणते? इथे एक प्रश्न विचारावा: दुसरे कोणतेही आर्ग्युमेंट दिले असते तर चालले असते का? बंद हिशोबात कुठलाच लॉट चालणार नाही, म्हणजे दोष आर्ग्युमेंटचा नाही. इलिगलस्टेटएक्सेप्शन. हिशोब उघडा आहे पण लॉट दुसऱ्या दुकानाचा आहे, तर इलिगलआर्ग्युमेंट. जुन्या कोडात दोन्हीकडे इलिगलआर्ग्युमेंट होते, त्यामुळे संध्याकाळी उशिरा आलेल्या नोंदींवर मुनीम वजने तपासत बसत.

दोन आर्ग्युमेंट वेगवेगळी ठीक आणि जोडीने चुकीची, हे या प्रकरणातले मूळ दुखणे. ४५०० कॅरेट हा आकडा अनेक ट्रकांच्या मोठ्या लॉटला अशक्य नाही. ९९० किलोही ठीक. दोन्ही एकत्र अशक्य. अशा वेळी मजकुरात दोन्ही मूल्ये हवीत. आता घट काढणारी मेथड असे म्हणते: ‘घट ८१०० किलो, स्थूल वजन ९९० किलो, घट स्थूल वजनापेक्षा कमी हवी, कॅरेट ४५००, लॉट ११८’. हेच वाक्य ६:४० ला लॉगमध्ये असते तर काम दोन मिनिटांचे होते. मजकुरात शेतकऱ्याचा मोबाइल किंवा बँक खाते क्रमांक घालायचा नाही. लॉट क्रमांकावरून जे शोधायचे ते शोधता येते आणि लॉग कोणाकोणाच्या हाती पडतात याचा भरवसा नसतो.

एक एक्सेप्शन झेलून दुसरे थ्रो करताना मूळ कारण जोडावे. इलिगलआर्ग्युमेंटच्या कन्स्ट्रक्टरला मजकूर आणि कारण असे दोन्ही देता येतात. नंबरफॉरमॅटएक्सेप्शनला मात्र कारण घेणारा कन्स्ट्रक्टरच नाही, म्हणून आपणहून ते थ्रो करण्याचा मोह टाळलेला बरा.

असर्टबद्दल (अट खोटी निघाली तर थांबवणाऱ्या विधानाबद्दल) थोडक्यात: जावात ते चालवताना मुद्दाम सुरू केल्याशिवाय बंदच असते. खाजगी मेथडमध्ये स्वतःची खात्री करायला ठीक, बाहेरून येणाऱ्या आर्ग्युमेंटसाठी नाही.

आणि एक बारकी चूक जी तपासणी लिहिल्यावरही राहिली. कॅरेटमागे सरासरी निव्वळ वजन १४ ते २६ किलोत हवे अशी अट एका जुन्या अहवालाच्या क्लासमध्ये डबलवर लिहिली गेली: ‘सरासरी < १४ || सरासरी > २६’ असेल तर थ्रो करा. निव्वळ वजन शून्य आणि कॅरेटही शून्य असलेला रद्द लॉट त्यातून सहज निसटला. डबलमध्ये शून्य भागिले शून्य केले की एक्सेप्शन येत नाही, नॅन (‘आकडा नाही’ असे मूल्य) येते, आणि नॅनची कोणाशीही केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते. दोन्ही अटी खोट्या, म्हणून थ्रो नाही. अट उलटी लिहिली की नॅन अडकते: ‘!(सरासरी >= १४ && सरासरी <= २६)’. वाचायला जरा वाकडी दिसते. बाजूला एक ओळ टिप्पणी लिहावी, नाहीतर कोणीतरी ती ‘सरळ’ करून टाकतो.

हिरव्या टेस्टनी दिलेला धोका

या सगळ्याला टेस्ट होत्या का? होत्या, आणि हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्या, होत्या. उणे वजन दिले की इलिगलआर्ग्युमेंट यावे अशी एक टेस्ट जेयुनिट या जावाच्या टेस्ट लायब्ररीच्या अ‍ॅसर्टथ्रोजवर लिहिलेली. ती मेथड दिलेला प्रकार किंवा त्याचे कोणतेही पोर चालवून घेते. टेस्टमधला वजनाचा मजकूर उणे चिन्हाऐवजी लांब आडव्या रेषेने सुरू होत होता, कुठून तरी चिकटवलेला. पार्स करतानाच नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येई, टेस्ट खूष होई, आणि उणे वजनाची तपासणी एकदाही चालली नव्हती. मुळात ती तपासणी लिहिलेलीच नव्हती. जेयुनिट ५.८ पासून अ‍ॅसर्टथ्रोजएक्झॅक्टली आहे. तेवढ्यावर न थांबता मजकुरात रकान्याचे नाव आणि आलेले मूल्य आहे का, हेही टेस्टमध्ये बघावे.

काट्याचा आणि अहवालाचा प्रोग्राम

काट्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम सी शार्प या डॉट नेटच्या भाषेत आहे. तिथे घराणे अधिक नीटस आहे: आर्ग्युमेंटएक्सेप्शन आणि त्याखाली आर्ग्युमेंटनल व आर्ग्युमेंटआउटऑफरेंज. पण कन्स्ट्रक्टरचा क्रम फसवा. आर्ग्युमेंटएक्सेप्शनला आधी मजकूर, मग पॅरामीटरचे नाव. आर्ग्युमेंटनलला आधी नाव, मग मजकूर. एकच स्ट्रिंग दिली तर पहिल्यात ती मजकूर होते, दुसऱ्यात नाव. काट्याच्या लॉगमध्ये ‘पॅरामीटर: वजन कोरे आहे’ अशी चमत्कारिक ओळ त्यातूनच आली. डॉट नेट ६ पासूनचे थ्रोइफनल वापरले की हा प्रश्न उरत नाही. तिथली इंट पार्स देवनागरी अंक घेत नाही आणि फॉरमॅटएक्सेप्शन देते, जे आर्ग्युमेंटएक्सेप्शनच्या घराण्यात नाही. जावावरून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

महिन्याचे अहवाल पायथनमध्ये. तिथे प्रश्न टाइपएरर की व्हॅल्यूएरर एवढाच: प्रकारच चुकला तर पहिले, प्रकार बरोबर पण मूल्य चुकले तर दुसरे. इंटला नन (पायथनचे नल) दिले की टाइपएरर, रिकामी स्ट्रिंग दिली की व्हॅल्यूएरर. देवनागरी अंक इंट आणि फ्लोट दोघांनाही कळतात. कॅरेट संख्येच्या जागी ट्रू आले तर तेही चालून जाते, कारण पायथनमध्ये बूल (खरे-खोटे) हा इंटचाच उपप्रकार आहे. एका स्तंभात ‘१ कॅरेट’चे लॉट दिसू लागले तेव्हा हे उमगले.

४५० कॅरेटचे काय?

आता मूळ चुकीकडे परत. अंगठा ‘००’ ऐवजी ‘०’ वर पडला असता तर? ४५० कॅरेट, घट ८१० किलो, निव्वळ १८० किलो, रक्कम ५,०४० रुपये. सगळे आकडे धन, कुठेही एक्सेप्शन नाही, पट्टी छापली गेली असती आणि शेतकऱ्याला २०,४१२ रुपये कमी मिळाले असते. वर लिहिलेले एकही एक्सेप्शन ही चूक पकडत नाही. पकडते ती कॅरेटमागची सरासरी: ०.४ किलो.

म्हणून १४ ते २६ ची अट तपासनिसात आणली. पण तिला एक्सेप्शनही केले नाही आणि नकारही केले नाही. लॉटमधले शेवटचे कॅरेट बऱ्याचदा अर्धे असते. दोनच कॅरेटचा लॉट असेल आणि त्यातले एक निम्मे, तर सरासरी १४ च्या जवळ येते. फळ फार लहान असले तर ती खालीही जाते. अशा मालाला चुकीचे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याशी भांडण. फोनवर मुनीमाला दिसते: ‘कॅरेटमागे ०.४ किलो येत आहे. कॅरेट ४५० बरोबर आहेत का?’ खाली दोन कळा, ‘दुरुस्त करा’ आणि ‘तरीही नोंदवा’. दुसरी दाबली तर कारणाची एक ओळ मागितली जाते आणि पट्टीवर छोटी खूण उमटते. १४ आणि २६ हे आकडे कोडात नाहीत, दुकानाच्या सेटिंगमध्ये आहेत. मृग बहाराच्या आधी दुकानदार ते स्वतः बदलतो.

१०४३ ते १२८२ हे क्रमांक रद्द म्हणून वहीत चढवले आहेत, शेजारी तारीख आणि वेळ लिहून.